उलटा चुट्टा

धर्माबादच्या मिरचीबाजारात, जिथं शिंकल्याशिवाय
कुणी भाव बोलत नाही,
पोशव्वा गोणपाटावर बसते.
पुढं चुट्ट्यांच्या चार जुड्या, अडकित्ता, ओल्या फडक्यात पानं.
चुट्टा मागितला की आधी विचारते,
"काय खाल्लास?"

मी पोत्यांवर लाल शाईनं नंबर घालतो.
एकवीस वर्षांच्या खकाण्यानं माझं नाक बधिर,
म्हणून तिच्या नाकावर चालतो.

पिठलं खाल्लेल्याला ती हलकं पान देते,
पिवळसर, करंगळीएवढं.
"बेसनावर जड धूर बसत न्हाई रे, घसरतो."
मटणाच्या रश्श्याला काळं, गोदाकाठच्या गाळातलं,
जे ओढताना गालफडं आत जातात.
सकाळची शिंदी गोड, तिला कोरं पान.
दुपारी ती आंबली की मागच्या सालचं.
आणि दही-धपाटे खाऊन गेलो तर
"जा, झोप. दह्यावर तंबाखू म्हंजे
लग्नात पंचनामा."

परवा सायन्ना मस्कतहून आला.
काचेच्या नळीत एक सिगार, सोनेरी पट्टीचा.
म्हणाला, मावशे, या एकात तुझी टोपली येते.

तिनं आधी पट्टी काढून करंगळीत घातली.
मग तान्ह्याची टाळू हुंगावी तसा हुंगला.
"लाकूड हाय. काकवी हाय.
आन् कुण्या बाईचे हात हायेत, घामेजलेले."
जरा थांबून,
"ह्याच्यासंग काय खातेत तिकडं?"
चॉकलेट, सायन्ना म्हणाला. रम. खारवलेलं मटण.

तिनं नजरेनं बाजार चाळला.
कोरा चहा मागवला, तो नुसता कडू कडू करत राहिला.
पेढा आणवला, तो उगाच पुढं पुढं करायला लागला.
शेवटी स्वतःच्या फडक्यातली शिळी भाकर सोडली,
करपलेली कड मोडली,
वर गुळाचा खडा.
चावत राहिली, मिरचीच्या गाड्या
मागं-पुढं होत होत्या.

मग पेटवला, चार झुरके घेतले
आणि नेहमीसारखं
जळतं टोक आत घालून ओठ मिटले.

सायन्ना ओरडला. लोक हसले.
ती तशीच, तोंडात निखारा धरून
एका गिऱ्हाईकाला सुटे पैसे देत राहिली,
एकाला शिवी.
बऱ्याच वेळानं बाहेर काढला, राख झटकली.

"आतून गोड हाय," म्हणाली.
"भाईरून वढणाऱ्याला
कळलंच नसंल."

आज शिंदीचं मडकं तिरपं करताना पाहिलं,
पट्टी अजून बोटात आहे.
भिजू नये म्हणून
तेवढी करंगळी वर.