वारा, फेब्रुवारी

मिलममध्ये मेथडिस्ट हॉलच्या वरच्या मजल्यावर
विल्फ टायसनच्या फोटोंचं प्रदर्शन आहे.
शुक्रवार ते रविवार. प्रवेश मोफत,
चहाचे पन्नास पेन्स बिस्किटांच्या जुन्या डब्यात.

नाव दिलंय : 'इथून दिसतं ते'.
एकतीस फोटो, सगळे काळेपांढरे,
सुतळीवर लाकडी चिमट्यांनी टांगलेले,
खाली पेन्सिलीत दोन-दोन शब्द.

मी पांढरा कोट दुकानात काढून आले
तरी माणसं मला गोळ्यांचंच विचारतात :
जेवणाआधी की नंतर?

लोखंडाच्या भट्टीची चिमणी पडतानाचा क्षण.
सगळ्यांचे हात कानांवर,
एक पोरगी मात्र आइस्क्रीम चाटतेय.
विल्फची आई, पायरी घासताना. नुसती पाठ.
ब्लॅक कूम डोंगरावर बर्फ, आणि बर्फात
जुन्या गोणपाटाच्या रंगाच्या मेंढ्या.
ओहोटीची खाडी, आणि तिच्यात एक माणूस
इतका लहान, की मी बोटानं पुसायला गेले.

"तो आमचा केनेथ," डोरीन म्हणाली.
पुढे काही बोलली नाही.
मीही विचारलं नाही.
अकरा वर्षांत इथलं एवढं तरी मला यायला लागलंय.

खरं तर जिथे जाईन तिथे मी बार्शी शोधते.
दगडी बांध दिसला की म्हणते, अगदी आपल्यासारखा.
इथे काहीच जुळेना.
हा डोंगर ह्यांचा, ही राख ह्यांची,
ती पाठ विल्फच्या आईचीच.
मला बरं वाटलं.
दुसऱ्याच्या घरात पाहुण्यासारखं
हात मागे बांधून फिरत राहिले.

अठ्ठाविसाव्या फोटोत माझं परसू.

दोन खांब, मधे दोरी, दोरीवर माझी वाकळ.
कांताबाईंनी शिवलेली, चारशे रुपये शिलाई.
मधल्या ठिगळात ताईचा कॉलेजचा पंजाबी ड्रेस,
कडेला अप्पांचं धोतर, त्याच्या आत काय काय
ते कांताबाईंनाच ठाऊक.
रंग नसताना कुठलं ठिगळ कुणाचं
हे मला सांगता आलं
याचंच मला आधी नवल वाटलं.

चित्र हललेलं. टाके एकमेकांत मिसळलेले,
एक खांब दोनदा उमटलेला.
खाली : 'वारा. फेब्रुवारी.'

तो फेब्रुवारी मला पक्का आठवतो.
सकाळपासून धुकं, खाडीचा पत्ता नाही,
समोरच्यांच्या धुराड्यातला धूर
काठीसारखा सरळ उभा.
वाकळ वाळायला तीन दिवस लागले
आणि तरी तिचा दमट वास
मार्चपर्यंत अंथरुणात राहिला.

विल्फ दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येतो.
सही करताना डावा हात खिशात घालतो
आणि उजव्याला टेबलाच्या काठाचा आधार देतो.
गोळीचं नाव मी सांगणार नाही, ते माझ्या पेशाचं कुलूप.
जानेवारीत डोस वाढला.
एवढंही खरं तर
सांगायला नको होतं.

"बघ तरी केवढा वारा सुटलाय," डोरीन मागून म्हणाली,
"एवढं जाडजूड पांघरूण, पण कसं फडफडतंय!"

विल्फ तिथेच होता.
त्याचा कप बशीत बारीक वाजत होता.
फोटोकडे तो बघत नव्हता,
माझ्याकडे बघत होता.

"हो ना," मी म्हणाले,
"आमच्याकडे असतोच."

त्याने कप खिडकीत ठेवला.
बाहेर झेंडा खांबाला चिकटून होता.
चहा मी घेतला नव्हता,
तरी जाताना डब्यात पन्नास पेन्स टाकले.