बिनचिठ्ठीची किल्ली

ऑर्व्हिल ट्वेट गेला, त्र्याण्णव वर्षांचा होऊन,
नॉर्थ डकोटातलं बर्फ वितळायच्या आत.
जमीन इतकी कडक, की खड्ड्याला
त्याच्याच दुकानातली पहार लागली.

खिळे तो वजनावर विकायचा,
वर मूठभर जास्तीचे.
मध्ये बोलिंगचा धंदा काढला, तो बुडाला;
त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.
सोल्वेग हिशेब लिही. तिघी मुली
बिजागऱ्यांच्या खोक्यांवर बसून अभ्यास करत,
आणि एकेक करून मिनियापोलिसला गेल्या.

गावातल्या प्रत्येक कुलपाची एक किल्ली
त्याच्या खणात असे, चिठ्ठी बांधलेली.
रात्री दोनला कोणी दार वाजवलं
तर पायजम्यावर कोट चढवून निघे.
पैसे विचारले तर म्हणे, "झोपा आता."

शेवटी शेवटी मुलींची नावं गेली.
पण हातात किल्ली दिली की
अंगठ्यानं दाते चाचपून सांगायचा,
"लुंडांचं मागचं दार. जरा उचलून ढकला."
लुंडांचं घर पडून वीस वर्षं झाली होती.

काल खण रिकामा केला.
एक किल्ली बिनचिठ्ठीची निघाली.
धाकटीनं दुकानाला लावून पाहिली, घराला, ट्रकला,
मग खिशात टाकली.
विमानतळावर तपासणीत
ती पुन्हा बाहेर काढावी लागली.