परिचय, दीडशे शब्दांत

मोन्तेविदेओहून संयोजकांचं पत्र आलंय:
प्रमुख वक्त्यांचा परिचय पाठवा,
शिक्षण, पदं, पुरस्कार, दीडशे शब्द, एक फोटो.
नेलिदा अब्रेगू म्हणाल्या, तूच लिही,
मला स्वतःबद्दल लिहायचा कंटाळा येतो,
आणि पेट्री डिशच्या चळतीमागे दिसेनाशा झाल्या.

तर लिहिते.
जन्म: तुकुमानच्या दक्षिणेला,
साखर कारखान्याच्या वसाहतीत.
(वडील भट्टीवर. ऊस पेटवला की
वाळत घातलेल्या चादरींवर काळी राख उतरायची,
आई मुकाट्यानं पुन्हा बादली भरायची.
हे लिहायचं नाही.)
कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा त्या शाळेत होत्या.
हेही नाही.

पदवी, जीवरसायन: एकोणीसशे पंच्याहत्तर.
डॉक्टरेट, सूक्ष्मजीवशास्त्र: एकोणनव्वद.
मधे चौदा वर्षं.
तिथे येऊन कर्सर लुकलुकत राहतो,
दारात उभ्या पाहुण्यासारखा,
आत या म्हणायला कुणी नाही.

विचारलं एकदा, चहाच्या वेळी.
म्हणाल्या, विभागाच्या दारावर यादी लागली होती.
यादीत मी होते.
आणि कप विसळायला गेल्या.

पुढचं सोपं आहे, भराभर लिहून होतं:
प्राध्यापक, प्रयोगशाळाप्रमुख,
बासष्ट शोधनिबंध,
दोन हजार चारचा तो पुरस्कार, लांबलचक नावाचा.
पगार थांबले होते त्या वर्षी
घरचा कुकर आणून त्यांनी माध्यमं निर्जंतुक केली,
शिट्ट्या मोजत. ही पद्धत
कुठल्याच निबंधात नोंदलेली नाही.

काल मोठा फ्रीझर साफ करायचा होता.
उणे ऐंशी. हातमोज्यांतही बोटं बधिर.
अगदी तळाच्या खोक्यात एक कुपी,
बर्फाखाली निळी अक्षरं:
ताफी, ७८, शेळी.

हीच ती. लॅक्टोबॅसिलसची तीच प्रजात
जी आम्ही उंदरांच्या नाकात थेंबाथेंबानं सोडतो,
आठवड्यानं न्यूमोकोकसची लस देतो,
आणि बघतो: नुसत्या लशीपेक्षा
प्रतिपिंडं दुपटीनं चढलेली.
माझा अख्खा प्रबंध तिच्यावर उभा आहे,
आणि ती आली कुठून हे मी विचारलंच नव्हतं.

ताफीच्या खोऱ्यात, त्या म्हणाल्या,
चाळीस शेळ्या असलेल्या बाईकडे मी कॅन घासायचे.
त्या हिवाळ्यात शेजारच्या घरांतली पोरं खोकून बेजार,
हिच्या घरातली नाही.
योगायोगही असेल.
पण डोक्याला काहीतरी काम हवं होतं.
सूक्ष्मदर्शक नव्हता, अगार नव्हतं, नाव बदललेलं होतं.
म्हणून विरजण लावत राहिले.
कालच्यातलं चमचाभर आजच्यात,
आजच्यातलं उद्याच्यात,
थंडीत भांडं पोंचोत गुंडाळून चुलीशी.
पाच वर्षं. एकही रात्र चुकली नाही,
तापातसुद्धा नाही.
मग निवडणुका झाल्या,
आणि मी बसनं खाली आले, बरणी मांडीवर.
वळणावर सांडेल म्हणून जीव मुठीत.

रात्री परिचय पुरा केला.
एकशे सत्तेचाळीस शब्द.
चौदा वर्षांच्या जागी
एक स्वल्पविराम.

सकाळी त्यांनी कागद वाचला.
जिवाणूचं नाव तिरप्या अक्षरांत घे, म्हणाल्या.
मग पेन काढून पुरस्कारावर काट मारली,
हा फार जागा खातो,
आणि समासात लिहिलं: एउफेमिया यापुरा.

यांचा हुद्दा काय लिहू, मी विचारलं.
त्या वसाहती मोजत होत्या, मधे थांबल्या नाहीत.
अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास,
मार्गदर्शक,
पन्नास.