दर्यातली धूळ

"आजार नोकरीतूनच आला, याला पुरावा?"
कारकून वर न बघताच विचारतो.
मी सासणे नानांचा एक्स-रे खिडकीला धरतो :
दोन्ही फुप्फुसांना पांढरी किनार.

पुरावा म्हणजे
बॉयलर रूममध्ये वाफेच्या नळ्यांवरचं लिंपण,
दुरुस्तीला फोडलं की पोरं एकमेकांवर उधळायची,
चैत्रात जोतिबावर उधळावा तसा गुलाल,
फक्त पांढरा.
जहाज भंगारात गेलं.
सोबतचा कुंजप्पन गेला.
त्याच्या बायकोचं पत्र आलंय,
मल्याळममध्ये,
तेही जोडलंय.

"बोर्ड पुण्याला. तारीख कळवू."

नाना तीन पायऱ्या उतरतात, वाकतात,
चपलेचा अंगठा उगाच नीट करतात.
दम लागला की ते असंच करतात.

बाहेर बाकावर हौसाक्का,
मांडीवर पिशवी, पिशवीत कार्ड,
कार्डावर ती : अवलंबित.
तीही खोकते, पदरात,
ते मात्र मी कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नाही.

रजेवर आले की त्यांची निळी डांगरी
पंचगंगेच्या घाटावर ती आधी झटकायची,
मग धुवायची.
"दर्यात एवढी धूळ
कुठनं येती वो?"