ओळंबा

तीन हिवाळे ऑरिन तळघरात होता.
वादळात आडव्या झालेल्या चेरीच्या झाडाचं
घड्याळ करत होता, माणसाहून उंच.
जेवायला वर यायचा तेव्हा भुवयांत भुसा,
आणि पावावर लोणी लावतानाही
रंधा मारल्यासारखा हात.

कधी होणार, मी विचारायची.
म्हणायचा, लाकडाला घाई कळत नाही, हिल्ड्रेड.
पटाशीनं चिरलेल्या अंगठ्याला मात्र
कळली होती.

मार्चमध्ये ते वर आणलं,
शेजारच्या लेव्हीनं आणि त्याच्या दोन पोरांनी.
जिन्याच्या वळणावर लेव्हीनं
देवाला नको तशी हाक मारली.

लंबक टांगला. टिक...
टॉक यायला उशीर.
ऑरिनच्या डाव्या गुडघ्यासारखी चाल.
सतरा मिनिटांनी बंद.

गुण्या लावला : घड्याळ काटकोनात.
ओळंबा सोडला : घर नाही.
लुननबर्गच्या या उतारावर
दीडशे वर्षं घर बंदराकडे कलत आलंय,
आणि आम्ही चाळीस वर्षं त्यात
सरळ चालतोय असं समजत होतो.

त्या रात्री करवत ऐकू आली.
ज्यानं कुठल्या सांध्यात केसाएवढी फट ठेवली नाही
त्यानं चढाकडचे पाय
बोटभर कापले.

खाली आला, हात धुतले,
बराच वेळ धुतले.

आता ते चालतं.
पाहुणे मान तिरकी करून म्हणतात,
जरा कललंय का हो?
ऑरिन म्हणतो, बसा.
मी कॉफी देते,
आणि बघत राहते
कपात ती
कुठल्या काठाशी चढते.