आवाज कुठून येतोय

उणे एकतीस. दुकानाच्या काचेवर आतून बर्फ.
टेकडीवरच्या गोल तंबूतून उतरून
दामदिनसुरेन आजोबांनी लॅपटॉप आणला
मेंढीच्या कातड्यात गुंडाळून,
तान्हं कोकरू आणावं तसा.
"घरघरतोय," म्हणाले. "वय झालं."
कुणाचं, ते मी विचारलं नाही.

आधी नुसतं ऐकायचं.
चालू केल्याकेल्या ओरडतो, की तापल्यावर?
कुशीवर वळवला की गप्प होत असेल, तर बेअरिंग गेलं.
टकटक असेल, तर एखादी वायर पात्याला शिवतेय.
आणि नुसताच घोंघावत असेल
तर तो दमलाय, बिघडलेला नाही.
स्क्रूड्रायव्हरचं टोक मी झाकणावर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटले.
"ओयूनबिलेग, तू वैदू आहेस का गं?"
"श्श."

अकरा स्क्रू. बारावा कुणीतरी आधीच हरवलेला.
आत, तांब्याच्या पट्ट्यांच्या तोंडाशी,
बकरीची लव कोळशाच्या काजळीत मळून
असा घट्ट बुरणूस झालेला
की एका पायाचा मोजा निघाला असता.
चिमट्याने तो अख्खा उचलला.
आजोबांनी उजेडात धरला.
"ही करडी. शेवटची विकली ती."
आणि काडेपेटीत घालून ठेवला.

सुईच्या टोकावरून तेलाचा एक थेंब.
खपली धरलेली पेस्ट खरवडून नवी, मोहरीएवढी.
पंखा फिरतोय की नाही बघायला
मला कागदाचा कपटा धरावा लागला.
हलला.

तिसऱ्या दिवशी आजोबा परत.
"इंचॉनहून खालिउनचा फोन आला, व्हिडिओवर.
दोन वर्षं विचारायची, बाबा, वारा सुटलाय ना तिकडे?
मी म्हणायचो, हो, सुटलाय.
काल म्हणाली, बाबा, तुम्ही आहात कुठे?
तंबू विकलात?"

"मग?"

"म्हटलं, वारा पडलाय."
लॅपटॉप त्यांनी टेबलावर सरकवला.
"थोडा घरघरला तरी चालेल मला."

जुन्या पंख्यांचा डबा माझ्याकडे आहे, फेकायचा राहिलेला.
दुकान बंद करून मी एकेक काढते,
फुंकर मारते, कानाशी धरते.
हा नाही.
हा तर उलानबातरची ट्रॉलीबस.
हा… थांब, पुन्हा एकदा.