प्रश्न दुसरा : संज्ञा स्पष्ट करा

कन्ना चौकामागच्या खोलीत पंखा
गरम हवाच ढवळतोय.
मांडीवर नववी ब चा गठ्ठा,
खांद्यावर इथलाच टॉवेल, ओला.

उष्णतेची लाट.
पुस्तकात : कमाल तापमान चाळीसच्या वर
आणि सरासरीहून साडेचार अंश जास्त.
येमूल श्रीलता लिहिते :
'अम्मा एंडा म्हणते. कारखान्याच्या पत्र्याला
हात लागला की कळतं. मोजायला लागत नाही.'
एक गुण दिला. खोडला.
परत दिला.

पर्जन्यछाया.
सगळ्यांनी सह्याद्री काढलाय, डावीकडे समुद्र,
ढगाला बाण, ढगाखाली ठिपके,
आणि उजवीकडे मोकळा कागद.
त्या मोकळ्या कागदावर पेन टेकवून
मी बराच वेळ बसलो.
तिथलाच मी.
सावली म्हणायचं हिला,
आणि माळावर टेकायला बाभूळसुद्धा नाही.

महापूर.
शिरसट गोरख, सीनेकाठचा, आता मामाकडे राहतो :
'उन्हाळ्यात आमच्या गावाला टँकर होता.
त्याच वर्षी भादव्यात नदी घरात आली.
टँकर पण वाहून गेला.'
व्याख्या नाही. कारणे नाहीत. आकृती नाही.
दोन पैकी दोन.

धोका आणि आपत्ती, फरक सांगा.
नदाफ रुबिना, एकच ओळ :
'धोका माळावर असला तरी चालतो,
आपत्तीला घर नंबर लागतो.'
समासात 'छान' लिहिलं
आणि लाज वाटली त्या शब्दाची.

शमन.
छप्पन्न पेपर. छप्पन्न कोऱ्या ओळी.
कुणी नुसतं 'शमन म्हणजे' लिहून थांबलंय.
दोष त्यांचा नाही.
शेवटच्या तासाला घेतला होता तो धडा,
वीज गेलेली, बाहेर पाण्याचा दिवस,
पाच दिवसांनी नळ आलेला.
अर्धा वर्ग खिडकीशी,
मीही घरच्या घागरी मोजत होतो मनात.
म्हटलं, हे वाचून घ्या घरी.

अनुकूलन.
श्रीलता : 'नान्ना आता रात्री माग चालवतात.
दिवसा झोपतात.
म्हणजे पडून राहतात.'
इथे एक गुण दिला, घाईत,
आणि पान उलटलं.

साडेदहा वाजता बेरीज करताना
गल्लीच्या टोकाला खटक्यांचा आवाज सुरू झाला,
आधी एक माग, मग तीन-चार,
भिंतीवरचा कॅलेंडरचा खिळा हलू लागला.
कुठला माग तिच्या घरचा, ओळखू येत नाही.

गठ्ठ्यातून तिचा पेपर परत काढला.